माठाची कावीळ

नौपाडा, ठाणे
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर विषय आईच्या गुडघ्यांवर नेता. म्हणून लिहितेय. आधी निरीक्षणं, मत नंतर, हा तुमचाच नियम. तेव्हा आधी घडलं तेवढंच.

१. शनिवार, १२ जुलै. आंबिवलीला ताईच्या घरी जाऊन मी तिचं रक्त काढलं. सातवा महिना. ताप, उलट्या, डोळे पिवळे.

२. संध्याकाळी आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट झाला. बिलिरुबिन ९.८. रक्त गोठायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ. राजरत्न भाऊजींना फोन करून सांगितलं, तिला आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या, पोटुशी बाईला ही कावीळ साधी नसते. ते ‘हो’ म्हणाले.

३. सोमवार. हिपॅटायटिस ई पॉझिटिव्ह. भाऊजींना मेसेज केला. ‘ओके’ आलं.

४. बुधवार. तुमचा फोन. ‘डॉक्टरला दाखवलंय गं. काळजी नको. तू रजा टाकू नकोस, तुमचं ऑडिट आहे ना?’ मी रजा टाकली नाही.

५. शुक्रवार, १८ जुलै. ताईने फोन उचलला आणि मला ‘आई’ म्हणाली. मी न सांगता आंबिवलीला गेले. तिला कोणत्याच डॉक्टरला दाखवलेलं नव्हतं. ती झोपेत बडबडत होती. गळ्यात काड्यांची माळ, बेंबीच्या खाली उतरलेली.

६. तिच्या सासूबाई, शेवंतीमावशी, म्हणाल्या, ‘बघ ना पोरी, डोक्यावर ठेवलेली, कुठवर आली! उतरतेय कावीळ. माळ पायाशी जाईस्तोवर उंबरा ओलांडायचा नसतो.’ ताईही चौकट धरून बसली. ‘माळ आहे ना अमू, माळ आहे.’

७. मी कात्रीने माळ कापली.

८. ठाण्याच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ झालं. मुलगी होती. आधीच गेलेली होती. ताई नऊ दिवस आयसीयूत होती. वाचली.

९. रविवार, ३ ऑगस्ट. मी आंबिवलीला गेले. ताईने दारातूनच सांगितलं, ‘तू कापली नसतीस तर माझी पोर राहिली असती. येऊ नकोस.’ मागून मावशी म्हणाल्या, ‘माळेनं आईला तरी राखलं.’

एवढंच. आता मत.

या हिशोबात ताई वाचली ती माळेमुळे आणि बाळ गेलं ते कात्रीमुळे. म्हणजे काहीही झालं तरी माळच जिंकते. यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते मी दिलं तर चालणार नाही. तुम्ही दिलं तर चालेल.

नववीत तुम्ही वर्गात दोन माळा आणल्या होत्या. एक सुदेशच्या डोक्यावर ठेवलीत, दुसरी पाण्याच्या माठाच्या गळ्यात घातलीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही सारख्याच लांबल्या होत्या आणि सुदेश ओरडला होता, ‘सर, माठाला कावीळ झाली!’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘मग त्याला उसाचा रस पाजा.’ मग गाठ सोडून दाखवलीत. ओली काडी वाळते, बारीक होते, तिच्याभोवतीचा फास सैल पडतो, तेवढा दोरा सुटतो. माळ वाढते ती काड्या वाळतात म्हणून, कावीळ उतरते म्हणून नाही. त्या दिवशी ठरवलं मी लॅबमध्ये जायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

ताई तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. आपल्या घरात देव्हारा नव्हता, तुमचा शब्द होता. कृपया एकदा माठ घेऊन तिच्याकडे चला.

आणि एक प्रश्न. बुधवारी तुम्हाला कोणी सांगितलं की तिला डॉक्टरला दाखवलंय? भाऊजींनी की मावशींनी? कोणीतरी तुम्हाला फसवलं आहे. कोणी, ते मला कळायला हवं.

तुमची,
अमृता

———

कल्याण
२८ ऑगस्ट २०२५

चि. अमृतास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कुठे खाडाखोड नाही, कुठे विशेषण नाही. वर्गात असतीस तर दहापैकी दहा दिले असते. पण बाळा, घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. चाळीस वर्षं गावोगाव चमत्कारांचा भांडाफोड करून मी एवढं शिकलो, की माणूस हरलेला असतो तेव्हा त्याच्यासमोर जिंकायचं नसतं.

संचिताच्या कुशीतून मूल गेलं आहे. तिच्या दारात मी माठ घेऊन उभा राहू? तिला आता पुरावा नको, खांदा हवा. आणि ती माळ तरी काय गं! पुनर्नव्याच्या चार काड्या आणि दोरा. त्याने कोणाचं बरं होत नाही, तसं वाईटही होत नाही. त्या मुद्द्यावर अडून बसू नकोस. शेवंतीबाईंच्या वयाच्या बाईला एका दुपारीत शहाणं करता येत नाही. राजरत्न सरळ मुलगा आहे, आईपुढे बोलत नाही एवढंच. कोणी कोणाला काय सांगितलं याची उलटतपासणी मांडलीस तर दोन घरं तुटतील आणि हातात काही येणार नाही.

काही महिने जाऊ देत. ती आपणहून तुझ्याकडे येईल. रक्ताची बहीण आहे.

शकूच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने बराच आराम आहे. म्हणते, जिना चढताना कुरकुर कमी झाली. तुझ्या जेवणाचं कसं चाललंय? डबा बंद करून बाहेरचं खाऊ नकोस, सध्या पाणी कुठलंच धड नाही.

तुझा,
भगवान मामा

———

नौपाडा, ठाणे
३१ ऑगस्ट २०२५

मामा,
जयभीम.

पत्र मिळालं. मी एक प्रश्न विचारला होता. बुधवारी तुम्हाला कोणी सांगितलं? दीड पानाच्या पत्रात गुडघे आहेत, तेल आहे, डबा आहे. उत्तर नाही.

दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंत ‘पुनर्नव्याच्या चार काड्या’. मी फक्त ‘काड्यांची माळ’ लिहिलं होतं. काड्या कशाच्या ते मला माहीतच नव्हतं. यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. ही माळ पुष्कळ ठिकाणी पुनर्नव्याचीच करतात, तुम्ही अंदाजाने लिहिलं असेल. म्हणून मी माळ बघायचं ठरवलं.

कापलेली माळ त्या दिवशी माझ्या पर्समध्ये राहिली होती. घरी आल्यावर मी ती पिशवीत घालून ठेवली. सवय आहे. तुलनेला दुसरी हवी, म्हणून काल कल्याणच्या बाजारातून एक विकत आणली. विकणाऱ्या बाईने विचारलं, ‘कोणाला झालीय?’ मी म्हटलं, ‘कोणालाच नाही.’ ती म्हणाली, ‘मग कशाला घेतेस बाय, शोभेला?’

दोन्ही माळा टेबलावर शेजारी ठेवून भिंगाखाली बघितल्या.

बाजारातल्या माळेत प्रत्येक काडीला दोऱ्याचा एकच वेढा आहे आणि काड्या हाताने मोडलेल्या आहेत, टोकं फाटकी. ताईच्या गळ्यातल्या माळेत दोन वेढे आहेत, दुसरा पहिल्याच्या आतून ओढून घेतलेला. त्यामुळे फास हळूहळू सुटतो, एकदम निसटत नाही. आणि टोकं नेलकटरने तिरकी कापलेली आहेत.

ही गाठ मला बांधता येते. तुम्हीच शिकवली. नववीच्या मुलांच्या माळा हातात सुटायच्या म्हणून तुम्ही ती स्वतः बसवली होतीत, आणि ‘ही कुठल्याही बुवाला येत नाही’ असं वर्गात सांगितलं होतंत. नेलकटरही तुमचाच होता. त्याला निळी रिबीन होती, हरवू नये म्हणून.

ही माळ तुम्ही बांधली आहे.

आईला मी एवढंच विचारलं, जुलैत मामा आंबिवलीला गेले होते का? ती म्हणाली, ‘माझ्या भावाला कोर्टात उभं करायला निघालीस? ज्यानं शिकवलं त्यालाच?’ म्हणजे गेला होतात.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तुम्हाला कोणीतरी फसवलं आहे. ते वाक्य मागे घेते. माझं निरीक्षण चुकत असेल तर कुठे चुकतं ते लिहा, मी मान्य करेन. बरोबर असेल तर तसं लिहा.

अमृता

———

कल्याण
१४ सप्टेंबर २०२५

चि. अमृतास,
सप्रेम जयभीम.

निरीक्षण बरोबर आहे.

रविवारी सकाळी राजरत्न माझ्याकडे आला. शेवंतीबाई पलीकडच्या गावातल्या एका माणसाला बोलावणार होत्या. तो झाडपाल्याचा रस पाजतो आणि पोटावर बिब्ब्याचे डाग देतो. सातव्या महिन्यातल्या बाईच्या पोटावर डाग! मी राजरत्नबरोबर तसाच निघालो. तिथे तास-दीड तास डोकं फोडलं. हॉस्पिटलचं नाव काढलं की बाई म्हणायच्या, ‘माझी जाऊ तिथंच गेली, पांढऱ्या चादरीत परत आली.’ शेवटी मी म्हटलं, डाग नको, रस नको, मी माळ बांधून देतो. माळ निरुपद्रवी असते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वाटलं, तो माणूस तर टळेल. दोन दिवस मिळतील, तेवढ्यात समजावून संचिताला बाहेर काढीन.

संचिता माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मामा, तुमच्या हातची असेल तर घालते.’

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. दुसऱ्या कोणाची माळ असती तर तिने निम्मा विश्वास ठेवला असता. माझी म्हणून पूर्ण ठेवला.

बुधवारी परत गेलो. माळ छातीपर्यंत आली होती. तिने त्या दिवशी चार घास मऊ भात खाल्ला होता. शेवंतीबाई म्हणाल्या, ‘सर, तुमच्या हाताला गुण आहे.’ अमृता, काड्या वाळल्या आहेत हे मला माहीत होतं. गाठ माझी होती. तरीही ती माळ खाली आलेली बघून मला बरं वाटलं. आत कुठेतरी वाटलं, उतरतेय. त्याच बऱ्या वाटण्यात मी बाहेर येऊन तुला फोन केला. तू आली असतीस तर हॉस्पिटलचा आग्रह धरला असतास, माळ बघितली असतीस, आणि ती कोणी बांधली हे पहिल्या मिनिटाला ओळखलं असतंस. म्हणून डॉक्टरचं सांगितलं.

आता मी तुला एक विचारतो, तुझ्याच भाषेत. बुधवारी नेलं असतं, शनिवारीच नेलं असतं, तर मूल वाचलंच असतं असं तुला सिद्ध करता येईल? या आजारात हॉस्पिटलातही बाळं जातात. मी वाचून काढलं आहे.

आणि एक मागतो. संचिताला कोणावर तरी राग काढायचा आहे. आत्ता तो तुझ्यावर आहे. मी पुढे होऊन सांगितलं तर तो माझ्यावर येईल, पण त्याबरोबर तिचा आधारही जाईल. वडील गेल्यापासून तुम्हा दोघींना दुसरं कोण आहे? तू घट्ट आहेस. वाईट रिपोर्ट रोज तुझ्या हाताखालून जातात, तू पुढची बाटली उचलतेस. तू हे सोसशील. वर्ष दोन वर्षं. बहिणीवरचा राग टिकत नसतो.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. माझ्याजवळ फ्लॅट नाही, पुढारीपण नाही. कल्याणात चार माणसं ‘सर’ म्हणून थांबतात, तेवढंच आहे. ते तू घालवणार नाहीस असा भरवसा आहे.

तुझा,
भगवान मामा

———

नौपाडा, ठाणे
१८ सप्टेंबर २०२५

मामा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. शनिवारी नेलं असतं तर बाळ वाचलंच असतं असं मी सिद्ध करू शकत नाही. या आजारात हॉस्पिटलातही बाळं जातात हे तुम्ही बरोबर वाचलंत. म्हणूनच आधीच्या दोन्ही पत्रांत मी तसं कुठेही म्हटलेलं नाही. तपासून बघा. हॉस्पिटलात तिला एक संधी होती. किती मोठी, ते मला माहीत नाही. ती तिला मिळाली नाही, एवढं माहीत आहे.

पण ताईच्या मनात जे आहे ते खोटं आहे हे मात्र सिद्ध करता येतं. कात्रीमुळे बाळ गेलं नाही. ते दाखवायला एक माठ पुरतो.

मी तो प्रयोग परत केला. दहा तारखेला तुमच्या गाठीची एक माळ बांधली आणि माझ्या खोलीतल्या माठाच्या गळ्यात घातली. शेजारची ऐश्वर्या पाणी प्यायला आली आणि हसली. ‘हे काय, माठाचं लग्न लावतेयस?’ आज माळ माठाच्या बुडाशी पोचली आहे. माठ बरा आहे.

आता तुम्ही मागितलंत त्याबद्दल.

मी घट्ट आहे असं तुम्ही लिहिलंत. लॅबमध्ये मी पुढची बाटली उचलते, कारण ती दुसऱ्या कोणाची तरी असते आणि ते माणूस बाहेर बाकावर बसलेलं असतं. ताईचा रिपोर्ट आला तेव्हा मी पुढची बाटली उचलली नव्हती. मी भाऊजींना फोन केला होता. बुधवारी मी उठून निघणार होते, तुमच्या आवाजाने परत बसले. दुसऱ्या कोणी ‘दाखवलंय’ म्हटलं असतं तर कोणत्या डॉक्टरला, काय औषध लिहिलं, हे विचारलं असतं. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही बोललात ते कधी तपासायचं मला सुचलंच नाही. ताईने माळ घातली आणि मी रजा टाकली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोघींनी तुमच्यावर ठेवला तो एकाच प्रकारचा विश्वास होता. नववीतल्या मुलीने तो शिकायला नको होता आणि तुम्ही तो शिकवायला नको होता.

त्या डाग देणाऱ्या माणसाला तुम्ही थांबवलंत, हे मी मान्य करते. तुमच्या जागी त्या रविवारी मीही कदाचित हरले असते. पण सोमवार होता, मंगळवार होता. माझा नंबर तुमच्याकडे होता. तुम्ही फोन केलात, तो मला लांब ठेवायला.

आता काल जे कळलं ते. आईचा फोन आला होता. फार खुशीत होती. ‘शेवंतीबाई परवा दादाकडे येऊन गेल्या, त्यांच्या शेजारच्या धाकूभाऊंना घेऊन. डोळे हळद झालेत म्हातार्‍याचे. म्हणाल्या, सरांच्या हातची माळ पाहिजे, आमची सून त्यावरच जगली.’ मी विचारलं, ‘मग मामाने काय केलं?’ आई म्हणाली, ‘चहा पाजला. पुढचं मला काय माहीत? आणि तू असं पोलिसासारखं काय विचारतेस?’

मी आईला काही सांगितलं नाही. ताईलाही नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, आता मामांवर ढकलतेस का. तुम्हाला हे माहीत आहे, त्यावरच तुमचा भरवसा आहे.

तर माझ्याकडून एवढं:

ताई रविवारी, २८ सप्टेंबरला आईकडे राहायला येतेय. भाऊजी आणि शेवंतीमावशी तिला सोडायला येणार आहेत. मीही येणार आहे. टेंभी नाक्यावर नवरात्राचा मंडप चढलाय, रिक्षा मिळणार नाही, तरी माठ स्टेशनपर्यंत हातात धरून आणेन. एक ओली माळ आणि एक वाळलेली, दोन्ही आणेन. ताईने मला आत घेतलं नाही तर जिन्यात ठेवेन आणि तिथे बसेन.

तुम्ही यावं, नेलकटर आणावा, आणि तिच्यासमोर एक माळ बांधावी. मग सांगावं की तिची माळ तुम्हीच बांधली होती, ती माठावरही अशीच उतरते, आणि मी ती कापल्यामुळे काहीही झालेलं नाही. बुधवारच्या फोनचं तुम्ही सांगितलं नाहीत तरी चालेल. तो मला केला होता, तो माझ्याकडे राहू दे.

तुम्ही आला नाहीत तर मी एकटीच गाठ सोडून दाखवेन. ही कोणाची गाठ, असं ताईने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तिने विचारलं नाही तर मी होऊन सांगणार नाही.

धाकूकाका मात्र रविवारपर्यंत थांबू शकत नाहीत. त्यांचं रक्त तपासायला मी शनिवारी, परवा, लॅब सुटल्यावर आंबिवलीला जातेय. भाऊजींना कळवलंय. त्यांच्या गळ्यात माळ असली तर तिची गाठ मला दिसेलच. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं.

दोन प्रश्न आहेत.

धाकूकाकांना माळ बांधून दिलीत का? हे फोनवर सांगा. मी उचलेन. दुसरं काही बोलणार नाही.

रविवारी येणार का? याचं उत्तर लेखी हवं. हो किंवा नाही, एवढंच पुरे. शुक्रवार, २६ सप्टेंबरपर्यंत माझ्या हाती पडेल असं पाठवा.

अमृता